आईने निवडलेलं विमान

आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. त्यामुळे तिने चक्क विमान कंपनी मागितली तेव्हा धाकटीला आधी हसू आलं, आणि आई हसत नाही हे बघून ती थोडी घाबरली.

प्रसंग साधाच होता. धाकटीचा दादा परदेशात राहायचा. त्याला मुलगी झाली होती आणि नातीला बघायला आईने आणि धाकटीने यावं म्हणून तो हटून बसला होता. प्रवास लांबचा. सरळ जाणारं विमान नव्हतंच. मध्ये कुठेतरी उतरायचं, तिथे ताटकळायचं आणि दुसऱ्या विमानात बसायचं. तिकिटं अर्थातच साध्या वर्गाची. घरातलं इंग्रजी आणि इंटरनेट दोन्ही धाकटीच्या ताब्यात, म्हणून कंपनी निवडायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि "आता बरं की मघाशी बरं?" असं विचारत राहायचं, हा तिचा धंदा. दोन गोष्टींतला बारीक फरक पकडायची तिला खोडच लागली होती. एक कंपनी स्वस्त होती, पण मधल्या शहरात स्वतःचं सामान उचलून एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावं लागायचं. दुसरीचा थांबा इतका तोकडा की पहिलं विमान जरा रेंगाळलं की पुढचं हातचं गेलंच. तिसरी मात्र सगळ्या बाजूंनी बरी दिसत होती. थांबा बेताचा, बॅगा थेट शेवटच्या गावी, पाय पसरायला चार बोटं जागा जास्त, आणि जेवणाबद्दलही कुणाची फार ओरड नाही. धाकटीने मनातल्या मनात तिसरी नक्की केली आणि एका रविवारी आईला घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या तिकीटवाल्याकडे गेली.

आई बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सीटा शिवायची. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, दबलेला फोम काढून नवा भरायचा, कडेला पायपिंग लावून पुन्हा ताणून बसवायचं. वर्कशॉपमधले मेकॅनिक तिला कुशनमावशी म्हणायचे. खांद्यावर रेक्झिनचा गठ्ठा घेऊन ती उभ्या बसमध्ये अशी चढायची की तरण्या पोरांनी तोंडात बोट घालावं. तिकीटवाल्याकडच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिने सवयीने सीटची कड चाचपली, शिवण कच्ची आहे असं पुटपुटली, आणि धाकटीचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिकीटवाल्याला म्हणाली, "ती हिरव्या शेपटीची कंपनी असते ना, जी सकाळी मध्ये उतरवते आणि दुपारी पुढे नेते, तिची द्या."

तिकीटवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. ती कंपनी होती खरी, पण तो स्वतः कुणाला ती सुचवत नव्हता. विमानं जुनी, मधला थांबा अख्ख्या सकाळभराचा, आणि एवढं करून दर तिसरीपेक्षा चढाच. धाकटीने हसत हसत आईला हे पुन्हा समजावलं. आई म्हणाली, मला सकाळचा उजेड बरा वाटतो. मग म्हणाली, घाईघाईने विमान बदलायला नको. मग म्हणाली, त्यांच्या सीटा रुंद आहेत असं ऐकलंय. धाकटीने एकेक कारण तिथल्या तिथे खोडून काढलं, अगदी सीटची रुंदी इंचात काढून दाखवली. आईची कारणं संपली. तरी ती जागची हलली नाही.

"मला हीच हवी," ती म्हणाली. "आणि माझ्या नावापुढे व्हीलचेअर लिहा."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. ज्या बाईने कालच शेजाऱ्यांचा गॅस सिलेंडर दोन जिने चढवून दिला होता, ती व्हीलचेअर मागत होती. तिकीटवाल्यासमोर तमाशा नको म्हणून धाकटीने तिथे काही विचारलं नाही. आईला काहीतरी झालंय आणि ती आपल्यापासून लपवतेय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. त्या आठवड्यात ती आईच्या मागे सावलीसारखी फिरली. आई जिना चढताना थांबते का, उठताना गुडघ्यावर हात ठेवते का, रात्रीची पाय चेपते का. आई काहीही करत नव्हती. शेवटी धाकटीने सरळ विचारलं तेव्हा आई म्हणाली की मला धाड भरलेली नाही, पण एवढा मोठा विमानतळ, चुकले तर कुठे शोधत बसशील.

धाकटीने दादाला फोन लावला. दादा पक्का चोखंदळ माणूस; साधी पाण्याची बाटली घेतानाही चार दुकानं हिंडणारा. तो आईला चार गोष्टी सुनावेल अशी तिची खात्री होती. दादाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आई म्हणते तीच काढ." तिने कारण विचारलं तर बाळ रडतंय म्हणून त्याने फोन ठेवला.

मग धाकटीचा तोल गेला. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. धाकटी म्हणाली की या घरात माझ्या अकलेला किंमतच नाही. बाबा असते तर त्यांनी निदान ऐकून घेतलं असतं.

हे वाक्य त्या घरात नवं नव्हतं. धाकटी शाळेतही जात नव्हती तेव्हा तिचे बाबा कामासाठी परदेशी गेले होते. काही वर्षांनी एका संध्याकाळी आई कामावरून आली, चप्पल काढून तशीच भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, बाबा गेले. धाकटी रडली, शेजारच्या काकूंनी तिला जवळ घेतलं, आणि बाबा फोटोत जाऊन बसले. फोटोतला तो देखणा, हसरा माणूस पुढे धाकटीबरोबर वाढत गेला. त्याने तिला सायकल घेऊन दिली असती, सहलीला पाठवलं असतं, आवडीच्या कॉलेजात घातलं असतं. तो कधी ओरडला नसता. जे जे आईने केलं नाही ते सगळं त्याने केलं असतं. "बाबा असते तर" हे शब्द धाकटीच्या तोंडात इतके बसले होते की आपण ते म्हणतोय हेही तिला कळत नसे.

एरवी आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्या दिवशी मात्र ती वळली, धाकटीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "उद्या तिकीट काढून टाक."

तिकिटं निघाली. हिरव्या शेपटीच्या विमानात रुंद सीट वगैरे काही नव्हतं. पुढच्या सीटचा खिसा फाटून लोंबत होता, हाताखालचा फोम पिठल्यासारखा बसला होता, आणि धाकटीच्या बाजूचा टीव्ही तोंड मिटून होता. धाकटी तोंड वाकडं करून बसली. आईने पिशवीतून सुई-दोरा काढायला घेतला तेव्हा तिने तिचा हात धरला. बाकी सगळा वेळ आई जागी होती. डोळे मिटलेले, पण झोपलेल्या माणसाचा श्वास जसा चालतो तसा तिचा चालत नव्हता, हे धाकटीला कळत होतं. विमानाची भीती वाटतेय, असं समजून तिने आईच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

सकाळी विमान उतरलं. दाराशी हिरवं जाकीट घातलेली एक बाई व्हीलचेअर घेऊन उभी होती. आई खुर्चीत बसलीच नाही. ती धाकटीला म्हणाली, हिला विचार, आपली भाषा बोलणारे एक वयस्कर गृहस्थ इथे कामाला आहेत का. दादा पहिल्यांदा इथून गेला तेव्हा त्याला भेटले होते, एका कानाने कमी ऐकू येतं त्यांना.

धाकटीला यात वावगं काही वाटलं नाही. उलट आता कुठे तिला उलगडा झाल्यासारखं वाटलं. आईला परक्या मुलखात आपल्या भाषेचा माणूस हवा होता, एवढंच. त्यासाठी एवढे आढेवेढे घ्यायची काय गरज होती, असं वाटून तिला आईची दयाच आली. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. जाकीटवाली बाई हसली आणि म्हणाली, "मामा?" तिला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. इथे सगळे त्या म्हाताऱ्याला तेच म्हणतात, असं तिने सांगितलं. कमरेच्या वायरलेसवर ती काहीतरी बोलली आणि त्या दोघींना बाकावर बसवून गेली.

मामा आले. बुटके, पाठीत किंचित वाकलेले, जाकीट दोन माप मोठं, बूट मात्र आरशासारखे पुसलेले. त्यांनी तिकीट हातभर लांब धरून डोळे बारीक करून त्यावरचा फक्त गेटचा मोठा आकडा वाचला, वाकून खुर्चीचे पायठेवे उघडले, आणि आपल्या भाषेत म्हणाले, "बसा आई, निवांत बसा. मी असताना इथे कुणाचं विमान चुकत नाही."

आई बसली. मामा मागून खुर्ची ढकलू लागले, धाकटी बाजूने चालू लागली. त्यांचं तोंड अखंड चालू होतं. डावीकडे अत्तरांची दुकानं, उगाच महाग, नुसता वास घ्यायचा आणि पुढे जायचं. उजवीकडे प्रार्थनेची खोली, तिथे झोपायला बरं. धाकटीला ताई म्हणत त्यांनी तिला स्वच्छतागृह कुठलं चांगलं तेही सांगितलं. बोलण्याला एक सराव होता, रोज तीच वाक्यं त्याच वळणावर बोलणाऱ्या माणसाचा. पण परक्या गर्दीत आपली भाषा ऐकून धाकटीला इतकं बरं वाटलं की तीही मोकळी बोलू लागली. मामांनी विचारलं, कुठल्या तुम्ही. तिने गावाचं नाव सांगितलं.

मामांनी खुर्ची जरा हळू केली. मग म्हणाले, हो का, चांगलं गाव. आणि लगेच हवेबद्दल बोलू लागले.

पुढे लांबलचक उताराची वाट होती. एका बाजूला काचा, काचेपलीकडे विमानांची नाकं. आई इतका वेळ हातांची घडी घालून समोर बघत बसली होती. मान न वळवता ती बोलली.

"अहो, ऐकलंत का."

अहो तर परक्यालाही म्हणतात. पण हे अहो तसं नव्हतं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाणारं, नाव न घेता एकाच माणसाला लागू होणारं ते अहो होतं, आणि आईच्या तोंडून ते ऐकल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. मामांचे हात खुर्चीवरून सुटले. उतारामुळे खुर्ची आपोआप पुढे जाऊ लागली. धाकटीने धावत जाऊन ती धरली, आणि ओरडायला मागे वळली तर मामा होते तिथेच उभे होते. त्यांचा एक हात काचेवर टेकलेला, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावरचा रंग पार उतरलेला.

आई खुर्चीतून उठली. ताडताड चालत त्यांच्याकडे गेली, दंडाला धरून त्यांना आणलं आणि त्यांच्याच खुर्चीत बसवलं. "बसा," ती म्हणाली. "पाय लटपटताहेत तुमचे." मग धाकटीकडे वळून, एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तशा आवाजात म्हणाली, "हे तुझे बाबा."

धाकटीच्या कानात विमानासारखा आवाज भरला. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. व्हीलचेअर, हट्ट, गार पडलेला हात, सगळं त्यातच बसत होतं. ती मामांकडे अशा नजरेने बघू लागली की आता तुम्हीच काय ते सांगा, ही माझी आई आहे, तिला बरं नाही. मामा खाली मान घालून बसले होते. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी हळूच मान वर केली, आणि त्या सुरकुत्यांत, त्या पांढऱ्या भुवयांखाली, दादाचे डोळे होते. रोज शेकडो डोळ्यांत भिंगातून बघणाऱ्या धाकटीला ते ओळखायला क्षणही लागला नाही. इतका वेळ शेजारून चालत असताना ते दिसले कसे नाहीत, याचाच तिला धक्का बसला.

"तू सांगितलंस बाबा गेले," ती आईला म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"गेलेच होते," आई म्हणाली. "मी कुठे म्हटलं मेले."

त्या तिघांनी काचेजवळचा एक बाक गाठला. बाबा खुर्चीतच बसून राहिले, कारण त्यांना उठवेना. लोक येत जात होते, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बोलली ती बहुतेक आईच. बाबांची नोकरी सुटली, पैसे यायचे थांबले, मग पत्र थांबलं, मग त्यांनी पत्ताच बदलला. मधली काही वर्षं त्यांच्या घरात दुसरी बाई होती, हेही आई त्यांच्यासमोर शांतपणे बोलली आणि बाबांनी मान हलवली. ती भिंतीला टेकून बसली त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये परदेशातून आलेल्या एकाने तिला या बाईचं सांगितलं होतं. घरी येऊन तिने गेले एवढाच शब्द उच्चारला. काकूंनी त्याचा जो अर्थ लावला तो तिने खोडला नाही. विधवेला लोक दळण आणून देतात, नवऱ्याने टाकलेलीकडे दाराआडून बघतात. तिला दोन पोरं वाढवायची होती. दादा थोडा मोठा होता, त्याला कधीतरी समजलं. पुढे तो पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हा याच विमानतळावर त्याने बाबांना बघितलं, गाठलं, आणि आईला फोनवर सांगितलं. ते या कंपनीच्याच प्रवाशांना नेतात आणि सकाळीच असतात, हेही.

धाकटीला या सगळ्यातलं एकच लागलं. दादाला माहीत होतं. आईला माहीत होतं. कदाचित काकूंनाही. एकटी ती फोटोशी बोलत बसली होती. सगळ्यांनी मिळून तिला मामा बनवलं होतं, आणि खरा मामा इथे जाकीट घालून बसला होता.

"आता कशाला आणलंस मग?" तिने विचारलं.

आईने पदर सारखा केला. "बाबा असते तर, बाबा असते तर. वीस-बावीस वर्षं ऐकलं मी. ज्या माणसाशी तू मला मोजत होतीस, तो एकदा डोळ्यांनी बघावास असं वाटलं. मी काही वाईट सांगत नाही त्यांच्याबद्दल. आहेत ते हे असे आहेत."

बाबा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. ऐकू येणारा कान आईकडे वळवून त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं. शेवटी ते धाकटीला म्हणाले की तुला लहानपणी दूध अजिबात आवडायचं नाही, आईला पत्ता लागू न देता मीच प्यायचो. धाकटीला दूध अतिशय आवडायचं. दादाला आवडायचं नाही. तिने ते सांगितलं नाही. तिला ओरडावंसं वाटत होतं, काहीतरी फेकावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्या मोठ्या जाकिटाची वर गेलेली कॉलर नीट करावीशी वाटत होती. यातलं काहीच तिच्याने झालं नाही. ती नुसती बसली.

कमरेचा वायरलेस खरखरला. कुठल्याशा दाराशी कुणी म्हातारं माणूस खोळंबलं होतं. बाबांनी एकदा त्या दोघींकडे बघितलं. मग उठले, पायठेवे मिटले, जाकीट खाली ओढलं. त्यांचे पाय आता लटपटत नव्हते. "येतो हं," ते म्हणाले, आणि रिकामी खुर्ची ढकलत उतारावरून निघून गेले. अख्ख्या सकाळभराचा थांबा होता. ते परत आले नाहीत.

पुढच्या विमानात धाकटी आईशी एक शब्द बोलली नाही. दादा विमानतळावर फुलं घेऊन उभा होता. तिने फुलं घेतली आणि त्याला सगळ्यांदेखत विचारलं की तुला कधीपासून माहीत आहे. दादाने डोळे खाली घातले. तेच डोळे पुन्हा बघायला लागल्यावर ती रडली, या सगळ्यात पहिल्यांदा. पुढचे काही दिवस त्या घरात सगळे बाळाशी बोलायचे आणि बाळामार्फत एकमेकांशी. हळूहळू धाकटीचा राग उतरला. आईवरचा आधी, दादावरचा मागाहून. पण बसलेला धक्का काही उतरेना. दात घासताना मध्येच ती थांबायची आणि तिला वाटायचं, माझे बाबा या क्षणी कुणाला तरी अत्तराची दुकानं दाखवताहेत.

परतीची तिकिटं त्याच कंपनीची, त्याच वाटेची होती. आई म्हणाली की तुला नको असेल तर बदलून घेऊ. धाकटीने नको म्हटलं. या वेळी तिच्याकडे प्रश्न होते. तिने ते मनात इतके घोटले होते की झोपेतही म्हणून दाखवले असते. विमान उतरल्यावर तीच जाकीटवाली बाई समोर दिसली. धाकटीने मामांबद्दल विचारलं. बाईने खेदाने मान हलवली. मामांनी पाळी बदलून घेतली होती, आता ते सकाळचे नसतात. कधी बदलली, हेही तिने सांगितलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कसलीतरी विनंती करून.

धाकटी हबकली. एकदा गेलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने आईकडे बघितलं. आईला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. ती फक्त म्हणाली की चहा कुठे मिळतो बघू, आणि पिशवी उचलून चालू लागली. आई पुढे गेल्यावर धाकटीने पर्समधून चष्म्याच्या दुकानाचं कार्ड काढलं आणि जाकीटवाल्या बाईच्या हातात दिलं. मामांना द्या, ती म्हणाली. कोणी दिलं ते सांगितलं नाही तरी चालेल.

घरी आल्यावर फोटो भिंतीवर तसाच होता. धाकटीने तो उतरवायला स्टूल आणलं तेव्हा आईनेच तिला अडवलं. राहू दे, ती म्हणाली, फोटोतल्या माणसाशी माझं काही भांडण नाही. धाकटीला हसू फुटलं, आणि मग आईलाही. किती तरी दिवसांनी त्या दोघी एकत्र हसल्या.

बरेच महिने गेले. एके दुपारी दुकानातला फोन वाजला. समोर एक बाई ती जड चौकट नाकावर घेऊन बसल्या होत्या. धाकटीने सवयीने दुकानाचं नाव सांगितलं. पलीकडे कुणी बोलेना. मागे घोषणा ऐकू येत होत्या, विमानांच्या. त्या बाईंना तसंच बसवून ती फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आली.

"मी आहे," बाबा म्हणाले. मग म्हणाले की त्या दिवशी पाळी बदलली ती मुद्दाम. "परत भेटली असतीस तर तू काहीतरी विचारलं असतंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं."

धाकटीचे सगळे घोटलेले प्रश्न कुठल्या कुठे गेले. तिने विचारलं, आता आहे का. "नाही," ते म्हणाले. "पण फोन करावासा वाटला." तिने सांगितलं की आत गिऱ्हाईक खोळंबलंय. रविवारी सकाळी करा, घरच्या नंबरवर. आणि नंबर सांगितला. मग आत जाऊन तिने त्या बाईंना भिंगं दाखवली, पण आता बरं की मघाशी बरं, हे विचारायचं विसरून ती नुसतीच उभी राहिली. शेवटी बाईंनीच विचारलं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला.

संध्याकाळी आई घरीच होती. कुणाचा तरी सोफा शिवायला घेतला होता. जमिनीवर रेक्झिन अंथरून मोठ्या कात्रीने ती पट्ट्या कापत होती. धाकटी दारातच थांबली आणि म्हणाली, बाबांचा फोन आला होता.

कात्री चालूच राहिली. "तू केलास की त्यांनी?"

"त्यांनीच. रविवारी घरी करायला सांगितलंय."

धाकटी चप्पल काढून आत आली, पाणी प्यायली आणि तिच्याजवळ येऊन बसली तेव्हा तिला दिसलं. कात्री खडूची रेघ सोडून कधीच तिरकी गेली होती, पार पट्टीच्या मध्यापर्यंत. इतकं रेक्झिन वाया गेलेलं धाकटीने आईच्या हातून कधी बघितलं नव्हतं. आई ते वाकडं कापलेलं हातात धरून बसली होती, जणू दुसऱ्याच कुणीतरी ते कापून तिच्या पुढ्यात टाकलं होतं.